दोन भावांचं एक कुलूप

कॉम्प्युटरमधली माहिती चोर नेतात, व्हायरस खातो, नाहीतर वीज पडून जळते, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. माहिती जाते ती साफसफाईत. आणि साफसफाई करणारा बाहेरचा कुणी नसतो. सगळ्या किल्ल्या आपणच मोठ्या विश्वासाने ज्याच्या हातात दिलेल्या असतात, तोच असतो. आमच्या धंद्यात त्याला अ‍ॅडमिन म्हणतात. अ‍ॅडमिनला सगळं दिसतं, सगळं करता येतं आणि सणावाराच्या आधी त्याचे हात शिवशिवतात.

मी सांगलीत राहते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखाने आणि इस्लामपूर-आष्ट्याकडचे काही दवाखाने, दुकानं यांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम मी आयुष्यभर केलं. आता केस पांढरे झाले, काम आवरतं घेतलंय, पण स्कूटर अजून दारात उभी असते. नातेवाइकांना मी दुरुस्ती करते असं वाटतं, आणि लग्नाकार्यात भेटले की ते माझ्यापुढे बंद पडलेले मोबाईल ठेवतात. खरं काम माझं बॅकअपचं. म्हणजे तुमच्या कामाची दुसरी प्रत करून ती सुखरूप ठेवायची.

पूर्वी मी ती प्रत एका डबीत भरून मालकाच्या कपाटात ठेवायची. मग क्लाउड आलं. नावात ढग असला तरी त्यात ढगाचं काही नाही. एका मोठ्या कंपनीची लांब कुठेतरी मशिनं असतात, त्यातली जागा आपण भाड्याने घेतो आणि रोज रात्री आपली प्रत इंटरनेटवरून आपोआप तिकडे जाऊन बसते. आमच्याकडची माणसं त्याला सरळ 'वरचं' म्हणतात. "ताई, वरचं नीट हाय न्हवं?" असं विचारलं की समजायचं, खाली काहीतरी बिघडलंय.

इस्लामपूरच्या एका दातांच्या डॉक्टरांनी मोबाईलमध्ये जागा उरली नाही म्हणून सगळ्या पेशंटचे एक्स-रे पुसले. मोबाईल आणि वरचं एकमेकांना जोडलेलं होतं, त्यामुळे वरचंही गेलं. मला फोन करून म्हणाले, "ताई, मी फक्त खालचं पुसलं ओ. वरच्याला कसं कळलं?" त्यांचे एक्स-रे मी परत आणले, कारण पुसलेली गोष्ट लगेच नाहीशी होत नाही, काही दिवस कचरापेटीत पडून राहते. आष्ट्याच्या एका फोटोग्राफरच्या बाबतीत तेही जमलं नाही. त्याने पुसलं, आणि व्यवस्थित माणूस असल्यामुळे कचरापेटीही रिकामी केली. कितीतरी लग्नांचे फोटो गेले. एका मुलीचे वडील लग्नानंतर महिन्याभरात वारले होते, त्यांचे शेवटचे फोटो त्यातच होते. ती मुलगी स्टुडिओत येऊन नुसती बसून राहिली, रडलीसुद्धा नाही. मी तिथेच होते. ते मला अजून खुपतं.

त्यानंतर मी कुलपं लावायला लागले. पहिलं कुलूप कचरापेटीला. पुसलेली प्रत पेटीत पंधरवडाभर राहणारच, आणि तेवढ्या काळात ती पेटी कुणालाच रिकामी करता येणार नाही. मालकाला नाही, अ‍ॅडमिनला नाही, मलाही नाही. दुसरं कुलूप दोन किल्ल्यांचं. काही मोठं करायचं असेल, म्हणजे जुन्या प्रती पुसायच्या असतील किंवा रोजची प्रत बंद करायची असेल, तर अ‍ॅडमिनने नुसतं बटण दाबून चालत नाही. दोन ठरलेल्या माणसांच्या मोबाईलवर विचारणा जाते. दोघांनी थोड्या वेळात 'हो' दाबलं तरच काम होतं. एकानेही 'नाही' म्हटलं, किंवा वेळ टळून गेली, तर विचारणा रद्द.

आता खरी मेख अशी की, ही दोन माणसं कोण निवडायची? नवरा-बायको घेतले तर नवरा दोन्ही मोबाईल स्वतःच दाबतो. साहेब आणि कारकून घेतले तर कारकून साहेबांचं तोंड बघून दाबतो. एकमेकांचं न ऐकणारी दोन माणसं लागतात, आणि तशी मला कुपवाडला आयती मिळाली.

कुपवाडला एक ओतकामाचा कारखाना आहे. पंपांचे, उसाच्या चरकाचे लोखंडी भाग तिथे साच्यात ओतून करतात. मालक दोघे सख्खे भाऊ, थोरले आण्णा आणि धाकटे बापू. वडिलांची जीप विकली गेली तेव्हापासून कैक वर्षं दोघांनी एकमेकांशी अबोला धरलेला. कारखाना एक, कचेरी एक, मधे काचेची भिंत. आण्णा अलीकडच्या केबिनमध्ये, बापू पलीकडच्या. बोलायचं असलं की मधे उभ्या असलेल्या माणसाला सांगायचं. "त्यास्नी म्हणावं, भट्टीचा कोळसा संपत आलाय." त्यास्नी सगळं ऐकू जायचं, कारण काच काही फार जाड नव्हती. पण निरोप्याने तो निरोप पुन्हा सांगितल्याशिवाय उत्तर यायचं नाही. नवीन माणसाला महिनाभर वाटायचं, हे दोघे ऐकायला कमी आहेत.

या कारखान्याची सगळी दौलत म्हणजे साच्यांची ड्रॉइंग. वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या काळापासूनची. कुठल्या पंपाचा कुठला भाग किती जाड आणि कुठे किती वळलेला, सगळं त्यात. मूळ कागद महापुराच्या पाण्यात लगदा झाले. आधीच स्कॅन करून ठेवले होते म्हणून कारखाना उभा राहिला. ती ड्रॉइंग गेली तर भट्टी पेटवून तिच्यावर चहा करण्यापलीकडे काही उरलं नसतं. म्हणून मी दोन किल्ल्या दोन भावांच्या मोबाईलवर दिल्या आणि निर्धास्त झाले. हे दोघे जन्मात एका गोष्टीला 'हो' म्हणणार नाहीत, अशी माझी खात्री होती. आमच्या धंद्यातल्या लोकांना मी हे कुलूप मिशीत हसत सांगायची, मिशी नसली तरी.

तिथला अ‍ॅडमिन म्हणजे मेजर. हुद्दा हवालदाराचा, पण आमच्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला लोक मेजरच म्हणतात. वाळवा तालुक्यातले, घरचा ऊस, फौजेत स्टोअर सांभाळलेले. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकले आणि खरंच चांगले शिकले. त्यांच्या टेबलावर पेनसुद्धा सावधानमध्ये उभं असायचं. पण फौजेच्या स्टोअरने त्यांना एक गोष्ट शिकवली होती. "ताई, जो सामान काम का नहीं, वो बाहर." आणि वरचं उघडलं की त्यांना काय दिसायचं? तेच सामान रोज पुन्हा ठेवलेलं.

"आवं ताई, एकच ड्रॉइंग इतक्या बाऱ्या कशाला ठेवायचं? कालचं हाय, परवाचं हाय, आखाडातलं हाय."

"कालचं बिघडलं तर परवाचं उपयोगी पडतं, मेजर."

"बिघडंल कशाला? मी हाय न्हवं हितं."

हे संभाषण आमचं दर भेटीत व्हायचं. मी हसून सोडून द्यायची.

आता खंडेनवमी. बाहेरच्यांसाठी सांगते, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. कुपवाडला हत्यारं म्हणजे मशिनं. त्याच्या आधी सगळा कारखाना घासूनपुसून काढतात. लेथ, ड्रिल, भट्टी, वजनकाटा, मालकांच्या गाड्या, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. दसरा हा मुहूर्तच असा की कुठलीही नवी सुरुवात करायला पंचांग बघावं लागत नाही. त्या वर्षी घटस्थापनेच्या आधी कारखान्यात साफसफाई निघाली. कामगारांनी मशिनं घासली. मेजरांनी काय घासायचं? त्यांनी वरचं घासायला घेतलं. रोजची प्रत बंद करायची, जुनं सगळं पुसायचं आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर कोऱ्या पाटीवर नव्याने चालू करायचं, असा त्यांचा बेत. बेतात खोट नव्हती, मनात तर अजिबात नव्हती.

मेजरांनी विचारणा धाडली आणि झपझप आण्णांच्या केबिनमध्ये गेले. पुढचं मला खुद्द मेजरांनी सांगितलं.

आण्णांनी विचारलं, "बापूनं दाबलं का?"

"न्हाई अजून."

"मग तो दाबतोय कशाला! चांगल्या कामात त्येनं कवा हात लावलाय?" असं म्हणून आण्णांनी 'हो' दाबलं. "पर मी दाबलं म्हणून त्येला सांगू नगंस."

मेजर पलीकडे गेले. बापूंनी विचारलं, "थोरल्यांनी दाबलं का?"

"त्येंनी सांगू नगं म्हणून सांगितलंय."

बापू हसले. "म्हंजे अडवून धरलंय. मला ठावं हाय त्येंचा स्वभाव. आण हिकडं." आणि त्यांनीही 'हो' दाबलं.

म्हणजे ज्या वैरावर मी कुलूप लावलं होतं, त्याच वैराने ते उघडलं. एकमेकांची खोड जिरवायच्या नादात दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीला होकार दिला, आणि ती गोष्ट ही.

खंडेनवमीला आण्णांनी थोरले म्हणून पूजा केली. प्रत्येक मशिनवर नारळ फोडत फोडत ते कचेरीत आले. सर्व्हर, म्हणजे सगळी ड्रॉइंग ज्यात राहतात तो मोठा कॉम्प्युटर, मेजरांनी पाटावर ठेवला होता. त्याला माळ, त्यावर हळदकुंकू, पुढ्यात उदबत्ती. बाकीची मशिनं बंद होती. हा चालू होता, कारण हे मशिन आहे की आणखी काही, याबद्दल कुणाचंच नक्की ठरलेलं नव्हतं. आण्णांनी त्याच्या पत्र्याच्या कोपऱ्यावर नारळ हाणला. नारळ उत्तम निघाला, भरपूर पाण्याचा. पाणी वरच्या जाळीतून आत गेलं, फस्स आवाज झाला, आणि उदबत्तीच्या धुरात आणखी एक धूर मिसळला. कुणीतरी भक्तिभावाने हात जोडले.

मला मेजरांचा फोन आला. "ताई, सर्व्हर शहीद झाला."

"हरकत नाही मेजर. वरचं आहे ना?"

"वरचं उद्या मुहूर्तावर चालू करणार हुतो."

मी तशीच स्कूटरला किक मारली. डोळ्यांपुढे आष्ट्याची ती मुलगी येत होती. पोचून सर्व्हर उघडला. आत माहिती साठवणाऱ्या दोन तबकड्या होत्या, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. दोघी जोडीने गेल्या होत्या. वरचं उघडलं, ते आरशासारखं लख्ख. मग कचरापेटी उघडली. सगळं तिथे होतं, तात्यांच्या पहिल्या ड्रॉइंगपासून. माझ्या कुलपाने ते धरून ठेवलं होतं. पण मुदत संपत आली होती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या संध्याकाळी, पेटी आपोआप रिकामी होणार होती आणि मग त्या वरच्या कंपनीच्या मालकालासुद्धा ते मिळालं नसतं.

लगेच का नाही काढलं, असं तुम्ही विचाराल. आण्णा पूजा आटोपून गावच्या देवीला गेले होते, मोबाईल घरी ठेवून. आणि पेटीतून एवढं मोठं काही बाहेर काढायचं तर त्यालाही दोन किल्ल्यांची अट होती. पेटीतलं जुनं चालू कामावर पसरलं तरी नुकसान होतं, म्हणून मीच ती घातली होती. त्या रात्री मी स्वतःला निवडक शिव्या दिल्या.

दसऱ्याला दोन्ही भाऊ नवे पांढरे सदरे घालून आपापल्या केबिनमध्ये बसले. मी काचेच्या भिंतीपाशी उभी, म्हणजे दोघांना दिसेन अशी. मेजर दाराशी ताठ. मी सगळं समजावून सांगितलं. दोघांचे चेहरे उतरले. मग मी विचारणा धाडली. दोन्ही मोबाईल वाजले, आणि कुणी हलेना.

"त्यास्नी म्हणावं, आधी त्यांनी दाबावं," आण्णा मला म्हणाले. "पुसायला त्यांनीच हो म्हटलं असंल."

"ताई, त्यास्नी सांगा," बापू म्हणाले, "नारळ मी फोडला न्हाई."

"पुसायला दोघांनी हो म्हटलंय," मी म्हणाले. "मेजर, सांगा."

"दोघांनी, साब," मेजर म्हणाले.

आपलंही 'हो' असं उघडं पडेल, हे दोघांना वाटलं नव्हतं. दोघांनी काचेतून एकमेकांकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे. तेवढ्यात विचारणेची वेळ टळली आणि ती रद्द झाली. मी दुसरी धाडली. आता प्रश्न आधी कुणी दाबायचं एवढाच उरला होता, आणि तोच सगळ्यात मोठा होता. आधी दाबणारा म्हणजे चूक कबूल करणारा, असं दोघांनी मनाशी धरलं होतं. दुसरीही गेली. बाहेर कामगार आपट्याची पानं घेऊन मालकांना सोनं द्यायला थांबले होते. उद्यापासून त्यांना काम आहे की नाही, ते या दोन अंगठ्यांवर होतं आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

मेजर पुढे आले. "साब, चूक माझी हाय. मी घरी जातो. पर तात्यांचं ड्रॉइंग जाऊ देऊ नगा." आणि त्यांनी त्या काचेच्या भिंतीला सलाम ठोकला. कुठल्या बाजूला ठोकावा हे त्यांना कळलं नसावं.

माझाही संयम सुटला. "आण्णा, बापू," मी म्हणाले, "आता हे शेवटचं. मीसुद्धा घरी जाते. दसऱ्याला माझ्या घरीही श्रीखंड केलेलं आहे."

तिसरी विचारणा गेली. बापूंनी मान खाली घातली आणि दाबलं. मग मोबाईल काचेला टेकवून आण्णांना दाखवला. आण्णांनी घाईघाईने मोबाईल उचलला. तो उघडायला अंगठा लागतो. आण्णांनी अंगठा टेकवला. उघडेना. पुन्हा टेकवला. उघडेना. सकाळपासून घरची पूजा, गाडीची पूजा, आल्यागेल्याला टिळा, अंगठ्यावर कुंकवाचा थर बसला होता. मोबाईल मालकाला ओळखायला तयार नव्हता. वेळ चालली होती.

"आण्णा!" काचेपलीकडून असा आवाज आला की बाहेरचे कामगारही वळले. "आरं अंगठा पूस की आधी!"

"पुसतोय की रं!"

"सदऱ्याला पूस! सदऱ्याला!"

"नवा हाय गड्या!"

"घाल चुलीत तो सदरा! दाब लवकर!"

आण्णांनी नव्या पांढऱ्या सदऱ्यावर अंगठा घासला, छातीवर तांबडा फराटा उठला, मोबाईल उघडला आणि त्यांनी 'हो' दाबलं. माझ्या स्क्रीनवर काम सुरू झाल्याची खूण आली. मी खुर्चीत बसले. मेजर फौजेतल्यासारखं म्हणाले, "ओके रिपोर्ट." मग सगळ्यांच्या लक्षात आलं की कैक वर्षांनी हे दोघे मधे माणूस न घेता बोललेत. लक्षात आल्याबरोबर दोघे गप्प झाले.

ड्रॉइंग दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरायला बराच वेळ लागतो. मी थांबले. बापू उठले, फिरून आण्णांच्या केबिनमध्ये आले आणि आपट्याचं पान पुढे करून वाकले. आण्णांनी खांद्याला धरून त्यांना बसवलं. स्क्रीनवर एकेक ड्रॉइंग येत होतं. दोघे बघत बसले. बापू स्क्रीनकडे बघतच बोलले.

"तात्यांची जीप इकताना इचारलं असतंस तर."

"इचारलं असतं तर तू न्हाई म्हणला असतास."

"न्हाई म्हणायला तरी मिळालं असतं."

आण्णांनी स्क्रीनवरची नजर काढून बापूंकडे बघितलं. मग म्हणाले, "चुकलं माझं." मी स्क्रीनच्या आणखी जवळ सरकले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत असं वाटत होतं. इतकी वर्षं मी हेच कुलूप विकत होते. ते कशासाठी असतं, हे मला त्या धाकट्या भावाने सांगितलं.

मेजर घरी गेले नाहीत, त्यांना कुणी जाऊ दिलं नाही. सर्व्हर आता उंच फळीवर असतो आणि त्याला फक्त लांबून फूल वाहतात. माझी मात्र पंचाईत झाली. दोघे एका केबिनमध्ये बसून एका ताटलीतलं फरसाण खातात, एकाने 'हो' म्हटलं की दुसरा न बघता दाबतो. असल्या दोन किल्ल्यांचं कुलूप म्हणजे नुसती कडी. म्हणून तिसरी किल्ली मी स्वतःकडे ठेवली. मेजरांची विचारणा दर सणाआधी येते. भाऊ दोघेही 'हो' दाबतात, मी 'नाही' दाबते, आणि पाच मिनिटांत फोन वाजतो. स्पीकरवर दोघे एकदम असतात.

"ताई, तुमी दर बारीला आडव्या येता. आमचं दोघांचं एकमत हाय!"

ते वाक्य ऐकायला म्हणून मी अजून 'नाही' दाबते.